थव्यात नवा पाहुणा आणताना

रविवारी सकाळी पक्ष्यांच्या दुकानात जायचे, भोके पाडलेल्या खोक्यातून एक निळा बजी आणायचा आणि घरी पोचताच पिंजऱ्याचे दार उघडून त्याला जुन्या चौघांत सोडून द्यायचे, ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत आहे. दोन दिवस फडफड, थोडी चोचाचोची होते. मग सारे शांत होते आणि ‘रुळला बरं का’ असे घरचे समाधानाने म्हणतात. तिसऱ्या आठवड्यात जुन्यांपैकी एक पक्षी पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसतो. दुसऱ्या दिवशी तो मरतो आणि पाठोपाठ आणखी एक. दोष कधी थंडीला दिला जातो, कधी दाण्याला. नव्या पाहुण्यावर संशय जात नाही, कारण तो स्वतः टुणटुणीत असतो.

बजी, म्हणजेच बजरीगर, हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला पक्षी. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने १८४० मध्ये तो जिवंत स्वरूपात इंग्लंडला नेला आणि तेथून तो जगभरच्या घरांत पोचला. आपल्याकडे दुकानदार त्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात, ते चूक आहे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. त्यांची चोच अधिक दणकट आणि स्वभाव अधिक भांडखोर असतो. नाव सारखे म्हणून दोघांना एका पिंजऱ्यात ठेवणे बजीच्या जिवावर बेतू शकते. आपला देशी पोपट पाळण्यास वन्यजीव संरक्षण कायद्याची बंदी आहे, बजीला ती लागू नाही. त्यामुळेही शहरी घरांत त्याची संख्या मोठी आहे.

हा पक्षी थव्याने राहतो आणि थव्यात आजारी दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. म्हणून दुखणे लपवणे हा बजीचा स्वभावच झाला आहे. तो आजारी आहे हे माणसाला कळते तोवर बहुधा उशीर झालेला असतो. दुकानातल्या गर्दीच्या पिंजऱ्यातून आलेला, वरकरणी ठणठणीत पक्षी रोगाचे जंतू सोबत आणू शकतो, तो असा. यावर उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे. नव्या पक्ष्याला निदान ३० ते ४५ दिवस वेगळे ठेवायचे.

वेगळे म्हणजे वेगळ्या पिंजऱ्यात नव्हे, वेगळ्या खोलीत. पिसांची भुकटी आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ हवेतून सहज पसरते. पोपटवर्गीय पक्ष्यांत आढळणारा सिटॅकोसिस हा जिवाणूजन्य आजार याच मार्गाने माणसालाही होतो. त्यात ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला आणि क्वचित न्यूमोनियापर्यंत मजल जाते. घरात नवा पक्षी आल्यानंतर कोणाला असा ताप आला तर डॉक्टरांना पक्ष्याविषयी आवर्जून सांगावे. दोन खोल्यांच्या घरात पाहुण्याची सोय स्वयंपाकघरात करण्याचा मोह होतो, तो मात्र टाळलाच पाहिजे. नॉनस्टिक तवा प्रमाणाबाहेर तापला, तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत दगावतात. घरात जागाच नसेल, तर पक्षी नसलेल्या एखाद्या नातलगाकडे महिनाभर त्याची व्यवस्था करणे बरे.

या काळात दाणापाणी आधी जुन्या पक्ष्यांना द्यावे, नंतर नव्याला, आणि मग हात साबणाने धुवावेत. भांडी एकत्र करू नयेत. प्रौढ बजीचे वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम असते. ग्रॅम दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते दर दोन-तीन दिवसांनी करून लिहून ठेवावे, कारण पिसांखाली लपलेला रोडावा डोळ्यांना दिसत नाही, आकड्यांत दिसतो. श्वासागणिक शेपटी वरखाली होणे, गुदद्वाराजवळ विष्ठा चिकटणे, चोचीच्या मुळाशी खरबरीत, छिद्रे पडल्यासारखी पापुद्री धरणे ही धोक्याची चिन्हे होत. शेवटचे लक्षण एका सूक्ष्म माइटचे असते आणि वेळीच उपचार केल्यास ते पूर्ण बरे होते. पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून विष्ठेची तपासणी करून घेतली तर उत्तम.

एकांतवासात नवा पक्षी खंतावेल, ही भीती अगदी निराधार नाही. पण भिंतीआड ठेवलेला पक्षी दिसत नसला तरी ऐकत असतो. प्रत्येक बजीची एक छोटीशी साद असते; थव्यातले पक्षी तिच्यावरून एकमेकांचा माग ठेवतात. अनोळखी बजी एकत्र ठेवले असता काही आठवड्यांत त्यांच्या सादा एकमेकींसारख्या होत जातात, असे प्रयोगांत आढळले आहे. शेजारच्या खोलीतून येणारी किलबिल ही त्यामुळे नव्या पक्ष्याची पहिली ओळख ठरते. पलीकडून आलेल्या हाकेला तो उत्तर देऊ लागला की घरातल्यांनाही ते ऐकू येते.

मुदत सरल्यावर दोन्ही पिंजरे एकाच खोलीत, हातभर अंतरावर ठेवावेत. अगदी चिकटवू नयेत, गजांतून बाहेर आलेली बोटे चावली जातात. आठवडाभराने प्रत्यक्ष भेट घडवावी, तीही सकाळी आणि सुट्टीच्या दिवशी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येते. संध्याकाळी सर्वांत उंच दांडीवर झोपण्यासाठी एरवीही खटके उडतात. भेट मोकळ्या खोलीत व्हावी. त्याआधी पंखा बंद, खिडक्या बंद, आरसा झाकलेला. जुन्यांच्याच पिंजऱ्यात सोडायचे असेल, तर दांड्या आणि भांड्यांच्या जागा आधी बदलाव्यात, म्हणजे कोणताच कोपरा कोणाच्या मालकीचा उरत नाही. राळ्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी हवीत. विक्रेत्याने पंख कातरलेला पक्षी असेल, तर पिसे पुन्हा येईपर्यंत थांबावे. उडू न शकणाऱ्याला पळ काढता येत नाही.

आणि मडके काढून टाकावे. आपल्याकडे पिंजऱ्यात हौसेने टांगले जाणारे ते छोटे मडके बजीच्या मादीला घरटे वाटते आणि त्यासाठी ती दुसऱ्या मादीचा जीवही घेते. चोचीवरचा नाकपुड्यांभोवतीचा पट्टा प्रौढ नरात बहुधा निळा, तर मादीत तपकिरी असतो. पिल्लांत आणि काही फिकट रंगांच्या पक्ष्यांत मात्र ही खूण फसवते. दोन माद्या असल्यास अधिक सावध राहावे.

थोडा पाठलाग, चोच उघडून दिलेली दटावणी, दांडीवरून हुसकावणे हे सारे चालायचेच. त्यात दर वेळी हात घालून उपयोग नाही. पाय चावणे, एकालाच सतत दाण्यापासून दूर ठेवणे किंवा रक्ताचा थेंब दिसणे यापैकी काहीही घडले, तर त्याच क्षणी वेगळे करावे आणि काही दिवसांनी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी. काही पक्षी मुळीच जमवून घेत नाहीत. त्यांच्यासाठी दोन पिंजरे कायम समोरासमोर ठेवावेत. साद ऐकू येते, तेवढी सोबत त्यांना पुरते.