जड वजनाच्या बॉक्सिंगमध्ये सगळ्यात भारी कोण? आपली अल्फिया कितव्या नंबरवर?

नागपूर : मागच्या आठवड्यात भाचीला घेऊन बर्डीवर गेलो होतो. तिला बॉक्सिंगचे ग्लोव्हज घ्यायचे होते. पोरगी अंगानं धिप्पाड आहे. परतताना गाडीत एक जण म्हणाला, "हिला आधी वजन कमी करायला सांगा." पोरगी गावापर्यंत बोलली नाही. म्हणून हे लिहितो.

बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात. महिलांचा सगळ्यात जड गट म्हणजे 81 किलोच्या वरचा. 2025 पासून वर्ल्ड बॉक्सिंग संघटनेनं तो 80 च्या वर केला. इथं वरची मर्यादाच नाही. तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड होतात अन् पाच पंच गुण देतात. राउंड जिंकणारीला 10, हरणारीला 9 किंवा कमी. 5-0 म्हणजे पाचही पंचांचा कौल एकीकडे.

आता नंबर. 2010 पासूनच्या भारतीय खेळाडू घेतल्या. आधी सीनियर जागतिक स्पर्धेतली कामगिरी पाहिली, मग समोर कोण होतं ते.

1. नुपूर श्योराण (हरियाणा) : 2025 मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत रौप्य. फायनल पोलंडच्या खेळाडूकडून हरली. आशियाई स्पर्धेत 1966 अन् 1970 ला सुवर्ण जिंकणारे हवा सिंग हे तिचे आजोबा.

2. कविता चहल (हरियाणा) : 2010 अन् 2012, दोन जागतिक कांस्य. 2013 चा अर्जुन पुरस्कार. तेव्हा पोरींच्या बॉक्सिंगला कोणी विचारत नव्हतं.

3. सीमा पुनिया : 2018 ला दिल्लीत जागतिक स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली, पदक हुकलं. थाळीफेकवाली सीमा पुनिया वेगळी, घोटाळा करू नका.

4. अल्फिया पठाण (नागपूर) : 2021 मध्ये पोलंडच्या किल्से इथं युवा जागतिक सुवर्ण, फायनल 5-0. 2022 ला कझाकस्तानात एलोर्डा कपच्या फायनलमध्ये 2016 ची जगज्जेती लझ्झत कुंगेइबायेवा हिला हरवलं.

आपल्याच जिल्ह्याची पोरगी चौथी काहून, असं तुम्ही विचाराल. युवा अन् सीनियर हे वेगळे आखाडे आहेत. वर्गात पहिला आलेला पोरगा बोर्डात पहिला येईलच असं नाही. नियम सगळ्यांना सारखा लावला, म्हणून चौथी. पण जगज्जेतीला हरवण्याचा पराक्रम मोठाच. सीनियर जागतिक पदक आलं की मीच नंबर बदलीन.

एक खंत आहे. हा गट ऑलिंपिकमध्ये नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांचा सगळ्यात जड गट 75 किलोचा होता. म्हणून या पोरींचं नाव टीव्हीवर कमी येते, पैसाही कमी. 75 मध्ये बसायचं तर कितीतरी किलो उतरवावे लागतात, अन् तेवढं उतरवलं की ताकदही उतरते.

तेव्हा गावातल्या आईबापांना सांगणं एकच. पोरगी धिप्पाड असली तर उपाशी ठेवू नका, टोमणे मारू नका. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. वजन किती ठेवायचं ते प्रशिक्षक अन् डॉक्टर सांगतील, गाडीतला माणूस नाही.

भाची सोमवारपासून सरावाला जाते आहे. ग्लोव्हज थोडे ढिले होतात, पण चालते म्हणते.