कळसूबाई पहिल्यांदा चढताना

आपल्याकडचा माणूस काशी करून येतो, तिरुपतीला जाऊन येतो, पण अकोले तालुक्यातल्या कळसूबाईवर पाय ठेवलेला नसतो. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रात सर्वात उंच. अकोले आणि इगतपुरी तालुक्यांच्या शिवेवर ते उभे आहे. यंदा नवरात्रात पहिल्यांदाच देवीला जायचा बेत असेल तर शेतकरी बंधु-भगिनींनो, हे वाचून मग निघा.

"रानात दिवसभर राबणाऱ्याला डोंगर तो काय!" असे पुष्कळजण म्हणतात. शेतकामाने खांदे, कंबर घट्ट होते हे खरे. पण चढाला लागतात मांड्या आणि दम. सपाट रानात उसाला पाणी देणाऱ्याच्या मांड्यांना तेवढे काम पडत नाही. बारी गावापासून माथ्यापर्यंत सुमारे नऊशे मीटरचा चढ आहे. सवय नसेल तर जायला चार तास आणि उतरायला तीन तास धरा. आधी पंधरा दिवस गावाजवळच्या टेकडीवर रोज चढ-उतार करा. रक्तदाब, मधुमेह किंवा छातीचे दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचे नाही, नवस असला तरी.

हा डोंगर नवख्याला फसवतो. समोर टोक दिसते, आलोच म्हणून माणूस जोर करतो, वर पोचतो तर पुढे पठार आणि त्याच्यामागे आणखी एक कडा! याचे कारण जमिनीत आहे. सह्याद्री लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला. टणक थराचा कडा राहतो, मऊ थर झिजून सपाटी होते. म्हणून पहिल्या टोकालाच सगळी ताकद घालवू नका. बोलता येईल इतक्याच चालीने चढा. दम लागून बोलणे तुटले की थांबा.

अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. शिडीवर घाई नको. उतरताना तोंड शिडीकडे ठेवा, दोन्ही हात मोकळे ठेवा, पिशवी पाठीवर घ्या. स्लीपर घालून येणारे दिसतात, पण ओल्या लोखंडावर ती सटकते. नवा बूटही नको, पायाला रुळलेलाच घाला.

नवरात्रातली खरी भीती विजेची. परतीचा पाऊस याच सुमारास असतो आणि ढग बहुधा दुपारनंतर जमतात. उघडा माथा आणि लोखंडाची शिडी, वीज पडायला आणखी काय पाहिजे? तांबडं फुटताच निघा. बारा वाजेपर्यंत माथा गाठला नाही, किंवा त्याआधीच गडगडाट ऐकू आला, तर जिथे असाल तिथून माघारी फिरा. खालून हात जोडले तरी देवी रागावत नाही.

पाणी माणशी तीन लिटर न्या. माथ्याखाली विहीर आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. लिंबू-साखर-मीठ आणि शेंगदाणा-गूळ बरोबर ठेवा.

आता आमच्या खात्याचे बोलतो. वाट सुरुवातीला भातखाचरांतून जाते. नवरात्रात हळवे भात पिकत आलेले असते, पण गरव्या जातींचा दाणा भरत असतो आणि खाचरात ओल टिकणे गरजेचे असते. शेकडो पाय बांधावरून गेले की बांध ढासळतो आणि पाणी निघून जाते. ऐन वेळी दाणा पोचट राहिला तर त्या आदिवासी शेतकऱ्याचे वर्षाचे धान्य गेले. तुमच्या उसातून कोणी वाट पाडली तर चालेल का? मळलेली पायवाट सोडू नका, खुरासणीच्या पिवळ्या फुलांत फोटोसाठी शिरू नका.

माथ्यावरून दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी दिसते. १९२६ साली पुरे झालेले हे धरण. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडचे बागाईतदार ज्या प्रवरेच्या कालव्यावर जगतात ते पाणी इथे अडते. एवढे पाहण्यासाठी तरी कालव्याच्या शेपटाकडच्या माणसाने एकदा वर जावे.

आणि हो, बारीत घरगुती जेवण मिळते. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. सकाळी जातानाच किती माणसे ते सांगून जा, म्हणजे उतरल्यावर खोळंबा होत नाही.