बोट ठेवा, मग उत्तर निवडा

आपल्या मुखेड तालुक्यातली पाचवीची कितीतरी लेकरं नवोदयच्या परीक्षेला बसतात. नांदेड जिल्ह्याचं नवोदय विद्यालय बिलोली तालुक्यात, शंकरनगरला आहे. निवड झाली की सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण तिथंच. एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात.

पेपर 100 गुणांचा. त्यात भाषेचे 20 प्रश्न, 25 गुण. उतारा वाचायचा आणि चार पर्यायांतून एक निवडायचा. गटातल्या आया म्हणतात, "आम्ही कमी शिकलेल्या, आम्ही काय सांगणार?" पण इथं सांगायचं नाही, विचारायचं आहे.

आम्ही एक छोटा उतारा केलाय, ऐका. "पाऊस उशिरा आला. बहुतेकांनी पेरणी लांबवली. काहींनी मात्र आधीच पेरलं. त्यातल्या निम्म्या लोकांना दुबार पेरणी करावी लागली."

यातून काय कळतं?
अ) पाऊस आलाच नाही.
ब) सगळ्यांना दुबार पेरणी करावी लागली.
क) आधी पेरणाऱ्यांपैकी काहींचं बियाणं वाया गेलं.
ड) पेरणीआधी बियाण्यावर बीजप्रक्रिया करावी.

'अ' उताऱ्याच्या उलट आहे. 'ब'मध्ये उताऱ्यातलेच शब्द आहेत, म्हणून लेकरं तिथंच फसतात; पण 'सगळ्यांना' हा शब्द चुकीचा आहे. 'ड' ही गोष्ट खरी आहे, आपण शेतात करतोही. पण उताऱ्यात ती नाही. उरला 'क'. 'बियाणं वाया गेलं' हे शब्द उताऱ्यात नाहीत, पण दुबार पेरणीचा अर्थ तोच. म्हणून उत्तर 'क'.

आपल्याला काय माहीत आहे ते इथं विचारत नाहीत, उताऱ्यात काय आहे ते विचारतात. गटाच्या इतिवृत्तात जे लिहिलंय तेच आपण धरतो ना? तसंच हे.

रोज संध्याकाळी लेकराला एक उतारा मोठ्यानं वाचायला लावा. उत्तर दिलं की म्हणा, "कुठं लिहिलंय? बोट ठेव." मग विचारा, "बाकीचे तीन का नाहीत?" 'सर्व', 'फक्त', 'नेहमी', 'कधीच' असे शब्द आले की थांबायला सांगा. प्रश्नात 'चूक विधान कोणते' असं असेल तर 'चूक' शब्दाखाली रेघ मारायला सांगा.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून जमलं नाही तरी नक्की चुकीचे पर्याय खोडून उरलेल्यांतला एक निवडावा, प्रश्न कोरा सोडू नये.

यासाठी आईला वाचता यायलाच पाहिजे असं नाही. कान देऊन ऐकलं आणि "कुठं लिहिलंय?" एवढं रोज विचारलं तरी लेकराला सवय लागते.