अध्यापन-अर्हतेची परदेशातील मान्यता : समकक्षतेकडून तुलनेकडे

एका देशात रीतसर प्रशिक्षण घेऊन शिक्षक झालेली व्यक्ती दुसऱ्या देशात गेली असता तेथे ती शिक्षक राहते काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कचेरीतील कागदपत्रांचा वाटतो. वस्तुतः त्यात तीन पक्षांचे हित गुंतलेले असते. ज्याने आयुष्याची कित्येक वर्षे या व्यवसायाच्या तयारीत घालविली तो शिक्षक, ज्यांना योग्य शिक्षक मिळण्याचा हक्क आहे ती त्या देशातील मुले, आणि ज्या समाजाने स्वतःच्या खर्चाने त्या शिक्षकास घडविले तो मूळचा समाज. या तिघांच्या हितांचा मेळ घालण्याची जी रीत निरनिराळ्या राष्ट्रांनी अवलंबिली, तिचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ब्रिटन, युरोपीय समुदाय आणि जर्मनी यांचे अनुभव पाहून अखेरीस भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील, अर्हतांचा विचार केला आहे.

१. पदवी आणि अधिकार

प्रथम दोन गोष्टींतील भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. विद्यापीठाची पदवी ही ज्ञानाची साक्ष असते. शिकविण्याचा परवाना हा अधिकाराचा लेख असतो. प्रशियाने १२ जुलै १८१० च्या आज्ञेने माध्यमिक विद्यालयांतील शिक्षकांसाठी जी राजकीय परीक्षा सुरू केली, तिचे लॅटिन नाव ‘शिकविण्याच्या अधिकारासाठी परीक्षा’ अशा अर्थाचे होते. धर्मशास्त्र शिकलेला मनुष्य विद्वान असला, तरी तेवढ्याने तो शिक्षक ठरत नाही. शिक्षक कोण हे राज्यसंस्था ठरवील, असा त्या आज्ञेचा आशय होता. आधुनिक शिक्षक-अर्हतेच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

यावरून परदेशगमनातील अडचणीचे खरे कारण उघड होते. ज्ञानास सीमा नसते. म्हणून पदवीची समकक्षता ठरविणे तुलनेने सोपे जाते. अधिकार मात्र विशिष्ट राज्यसंस्थेने, विशिष्ट शाळाव्यवस्थेसाठी दिलेला असतो. ती व्यवस्था मागे राहिली की अधिकारही मागे राहतो. ११ एप्रिल १९९७ च्या लिस्बन कराराने उच्च शिक्षणातील अर्हतांच्या मान्यतेविषयी एक उदार तत्त्व सांगितले : सारभूत भेद दाखविता आला तरच मान्यता नाकारावी, आणि तो भेद दाखविण्याची जबाबदारी परीक्षण करणाऱ्या संस्थेची राहील. युनेस्कोचा २०१९ चा जागतिक करार ५ मार्च २०२३ पासून अमलात आला. त्याचीही दिशा हीच आहे. परंतु या करारांचा मुख्य विषय पदवी हा आहे. भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै २०२२ मध्ये झालेला समझोताही शैक्षणिक पदव्यांविषयीचा होय. त्यायोगे पुढील शिक्षणाचे दार उघडते. शाळेच्या वर्गाचे दार आपोआप उघडत नाही.

२. ब्रिटनमधील १९६० नंतरचा अनुभव

हा भेद व्यवहारात किती कठोर ठरतो हे ब्रिटनच्या इतिहासात दिसून येते. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने नोकरीसाठी येणाऱ्यांना व्हाउचर देण्याची पद्धत घालून दिली आणि त्यांचे तीन वर्ग केले. नोकरी आधीच निश्चित झालेल्यांचा पहिला, विशेष कौशल्य वा अर्हता असलेल्यांचा दुसरा आणि उरलेल्यांचा तिसरा. शिक्षकांची गणना दुसऱ्या वर्गात होत असे. ऑगस्ट १९६५ च्या श्वेतपत्रिकेने तिसरा वर्ग रद्द केला व व्हाउचरांची वार्षिक संख्या ८,५०० वर आणली. तथापि दुसऱ्या वर्गात डॉक्टर, परिचारिका यांच्याबरोबर शिक्षकांचे स्थान कायम राहिले.

अर्थात एक शासकीय खाते त्या व्यक्तीस ‘शिक्षक’ म्हणून देशात प्रवेश देत होते. पण शाळेत नेमणूक होण्यासाठी शिक्षण खात्याची मान्यता लागे, आणि ती मिळाल्यावरही स्थानिक शिक्षण-प्राधिकरणाने निवड करावी लागे. या दोन्ही ठिकाणी भारत व पाकिस्तानातून आलेले अनेक पदवीधर अडले. कोणाची पदवी वा प्रशिक्षण अपुरे ठरले, तर कोणाचे इंग्रजी उच्चार वर्गास समजणार नाहीत असे सांगण्यात आले. परिणामी अनेक प्रशिक्षित शिक्षक कारखान्यांत आणि बसगाड्यांवर काम करू लागले. पुढे परदेशी शिक्षकांसाठी भाषा व शालेय पद्धती यांचे विशेष अभ्यासक्रम निघाले. या अनुभवातून निघणारा बोध असा की, स्थलांतराची मान्यता, अर्हतेची मान्यता आणि नेमणूक या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. पहिली ओलांडली म्हणजे दुसरी ओलांडली, असे समजणे घातक ठरते.

३. युरोपीय समुदाय : तुलनेचे तत्त्व

या प्रश्नाचा सर्वांत पद्धतशीर विचार युरोपीय समुदायात झाला. तेथील मूळ करारानेच कामगारांच्या मुक्त संचाराचे आश्वासन दिले होते. मग शिक्षकास त्यातून वगळता येईल काय? १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयापुढे असे प्रकरण आले की, जर्मनीतच विद्यापीठीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एका ब्रिटिश शिक्षिकेस, ती जर्मन नागरिक नसल्याच्या कारणावरून, शिक्षकी पेशापूर्वीच्या उमेदवारीच्या सेवेत प्रवेश नाकारण्यात आला होता. उमेदवार शिक्षक हाही करारातील अर्थाने कामगारच होय, आणि सार्वजनिक सेवेचा अपवाद त्यास लागू पडत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. नागरिकत्वाची भिंत अशा रीतीने खचली. अर्हतेची भिंत मात्र उभीच होती.

तिच्यावर दोन बाजूंनी प्रयत्न झाले. २१ डिसेंबर १९८८ च्या निर्देशाने किमान तीन वर्षांच्या उच्च शिक्षणावर आधारलेल्या व्यवसायांसाठी एक सर्वसाधारण पद्धती घालून दिली. अभ्यासक्रम एकसारखे करण्याचा हट्ट तिने सोडला. एका सदस्य राष्ट्रात जो पूर्ण अर्हताप्राप्त आहे, तो दुसऱ्यातही तत्त्वतः अर्हताप्राप्त मानावा. महत्त्वाचा भेद आढळल्यास जास्तीत जास्त तीन वर्षांचा अनुकूलन-काळ किंवा क्षमता-परीक्षा मागावी. आणि या दोहोंतील निवड सामान्यतः अर्जदाराने करावी, असा तिचा सारांश आहे. त्यानंतर ७ मे १९९१ रोजी एका ग्रीक वकील महिलेच्या प्रकरणात न्यायालयाने तेच तत्त्व अधिक व्यापक केले. यजमान राष्ट्राच्या प्राधिकरणाने अर्जदाराचे ज्ञान व अर्हता यांची आपल्या अपेक्षांशी तुलना केलीच पाहिजे. जेवढे जुळते तेवढे मान्य करावे, आणि जे उणे आहे तेवढ्यापुरताच पुरावा मागावा. प्रकरण वकिलीचे असले, तरी तत्त्व सर्वच नियमबद्ध व्यवसायांना लागू पडले.

या निर्णयाचे महत्त्व प्रश्नाच्या मांडणीत आहे. पूर्वी ‘ही अर्हता आमच्यासारखी आहे काय?’ असे विचारले जाई, आणि उत्तर केवळ होय किंवा नाही असेच असे. आता ‘भेद नेमका कोणता आणि तो कसा भरून काढता येईल?’ असे विचारावे लागते. ७ सप्टेंबर २००५ च्या निर्देशाने जुने नियम एकत्र करून निर्णयाची मुदतही घातली : पूर्ण अर्जावर तीन महिन्यांत निकाल द्यावा, आणि सर्वसाधारण पद्धतीतील अर्जांसाठी ती मुदत फार तर एक महिना वाढवावी. तिसऱ्या देशात मिळालेल्या अर्हतेस प्रथम मान्यता देणे मात्र प्रत्येक सदस्य राष्ट्राच्या स्वतःच्या नियमांवर सोपविले गेले. अशी मान्यता देणाऱ्या राष्ट्रात तीन वर्षांचा व्यावसायिक अनुभव झाल्यावरच त्या अर्हतेस युरोपीय अर्हतेचा दर्जा मिळतो.

तुलनेच्या तत्त्वालाही मर्यादा आहेत, हे १९८९ च्या आयर्लंडमधील प्रकरणावरून दिसते. डब्लिनमधील एका महाविद्यालयात चित्रकला शिकविणाऱ्या डच शिक्षिकेस कायम नेमणुकीसाठी आयरिश भाषेची परीक्षा द्यावी लागली. त्यात ती अनुत्तीर्ण झाली. प्रत्यक्ष अध्यापन मुख्यतः इंग्रजीतूनच होत असे. तरीही, राष्ट्रीय भाषेच्या संवर्धनाच्या धोरणात शिक्षकाचा वाटा महत्त्वाचा असल्यामुळे प्रमाणशीर व भेदभावरहित अशी भाषेची अट न्याय्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. शिक्षक हा केवळ विषयाचा वाहक नसून समाजाच्या संस्कृतीचाही वाहक असतो, हे या निर्णयामागील गृहीतक आहे.

४. जर्मनी : दोन विषयांचा प्रश्न

भेद कौशल्यात नसून व्यवस्थेच्या घडणीत असला म्हणजे काय होते, याचे उत्तम उदाहरण जर्मनीचे आहे. १ एप्रिल २०१२ रोजी अमलात आलेल्या संघीय मान्यता-कायद्याने परदेशी अर्हतांच्या तपासणीचा हक्क निर्माण केला. परंतु शिक्षण हा घटक राज्यांचा विषय असल्याने शिक्षकांच्या अर्जांचा निर्णय सोळा राज्ये आपापल्या कायद्यांनुसार करतात. माध्यमिक शाळेचा जर्मन शिक्षक सर्वसाधारणपणे दोन विषय विद्यापीठीय पातळीवर शिकलेला असतो, त्यानंतर राज्यपरत्वे १२ ते २४ महिन्यांची उमेदवारी करतो आणि शेवटी राज्य-परीक्षा देतो. जगातील अनेक देशांत मात्र शिक्षक एकाच विषयाचा पदवीधर असतो. असा शिक्षक त्या एका विषयात कितीही निष्णात असला, तरी ‘दुसरा विषय नाही’ हा त्याच्या अर्हतेतील सारभूत भेद ठरतो, आणि तो भरून काढण्यासाठी पुन्हा विद्यापीठात जाऊन अभ्यास करावा लागतो. त्याखेरीज जर्मन भाषेवरील उच्च प्रभुत्वाची अट आहेच.

येथे दोष कोणाचा? दोन विषयांची परंपरा निरर्थक नाही. शाळेचे वेळापत्रक आणि शिक्षकाच्या तासांची वाटणी तीवर उभी आहे. परंतु त्यामुळे मुलांना गणित उत्तम शिकवू शकणारी व्यक्ती, गणिताच्या शिक्षकांची उणीव असतानाही, वर्गाबाहेर राहते. या कोंडीतून मार्ग काढण्याचे काही प्रयत्न झाले. पॉट्सडाम विद्यापीठाने २०१६ मध्ये निर्वासित शिक्षकांसाठी भाषा व अध्यापनशास्त्र यांचा विशेष कार्यक्रम सुरू केला. काही राज्यांनी एक-विषय शिक्षकांसाठी नियम सैल केले. व्यक्तीने व्यवस्थेस अनुरूप व्हावे, तसेच व्यवस्थेनेही थोडे वाकावे, ही जाणीव त्यात दिसते.

५. भारतीय अर्हतांची स्थिती

या पार्श्वभूमीवर भारतातील अर्हता परदेशी परीक्षकाच्या नजरेस कशी दिसते, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल. इंग्लंडने २०१२ मध्ये ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड व अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथील शिक्षकांस अधिक प्रशिक्षणाविना अर्हताप्राप्त शिक्षकाचा दर्जा देण्याचे ठरविले. भारताचा त्यात समावेश नव्हता. ३१ डिसेंबर २०२० नंतर युरोपीय निर्देशाचे बंधन ब्रिटनवर राहिले नाही. फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडने नवी पद्धती सुरू केली आणि तीत भारत, घाना, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका यांसारख्या देशांचा अंतर्भाव झाला. मात्र या देशांतील शिक्षकांना ११ ते १६ वर्षे वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकविण्याची अर्हता असावी, अशी मर्यादा घातली गेली. म्हणजे इतिहासाचा भारतीय शिक्षक आणि गणिताचा भारतीय शिक्षक यांचे प्रशिक्षण एकाच महाविद्यालयात, एकाच वर्षी झाले असले, तरी मान्यतेचे दार एकासच उघडले. हा भेद अर्हतेच्या गुणावगुणांतून निघालेला नसून यजमान देशातील शिक्षकांच्या टंचाईतून निघालेला आहे, हे उघड आहे. स्कॉटलंडची गोष्ट आणखी निराळी. तेथे १९६५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या शिक्षक परिषदेकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

महाराष्ट्रातील शिक्षकाच्या बाबतीत तीन विशेष मुद्दे उपस्थित होतात. पहिला कालावधीचा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी. एड. चा अभ्यासक्रम एक वर्षाचा दोन वर्षांचा केला. त्यामुळे एकाच नावाच्या पदवीत दोन भिन्न मुदतींचे प्रशिक्षण सामावले आहे, आणि जुन्या पदवीधराच्या अर्जाबरोबर अनुभवाचा पुरावा अधिक मोलाचा ठरतो. बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या डी. एड. ची अडचण याहून मोठी आहे. कारण पदवी ही जेथे किमान अट आहे तेथे ती पदविका एकटी पुरी पडत नाही.

दुसरा मुद्दा विषयांचा. येथील बी. एड. मध्ये प्रदीर्घ काळ दोन विषयांच्या अध्यापन पद्धती शिकविल्या जात आल्या आहेत. परंतु अध्यापन पद्धती म्हणजे विषयाचा विद्यापीठीय अभ्यास नव्हे. प्रमाणपत्रावर दोन विषयांची नावे दिसतात म्हणून जर्मन अर्थाने तो शिक्षक दोन विषयांचा ठरत नाही. अभ्यासक्रमाची तपशीलवार प्रत जोडल्याशिवाय परीक्षकास यांपैकी काहीच उमगत नाही.

तिसरा आणि सर्वांत गंभीर मुद्दा अधिकाराच्या पुराव्याचा. डॉक्टरांप्रमाणे शिक्षकांची राष्ट्रीय नोंदवही भारतात नाही. पदवी विद्यापीठ देते, पात्रता परीक्षेचे प्रमाणपत्र पुण्याची राज्य परीक्षा परिषद देते, नेमणूक जिल्हा परिषद किंवा संस्था करते, आणि खाजगी अनुदानित शाळेतील शिक्षकास वैयक्तिक मान्यता शिक्षणाधिकारी देतो. ‘ही व्यक्ती आपल्या देशात कोणत्याही निर्बंधाविना शिकविण्यास पात्र आहे काय?’ असा एकच प्रश्न परदेशी प्राधिकरण विचारते. त्यास एकट्याने उत्तर देईल असे कार्यालय येथे नाही. अर्जदाराची अर्हता उणी नसते. ती चार कपाटांत विखुरलेली असते.

६. उपसंहार

१ सप्टेंबर २००४ रोजी राष्ट्रकुलातील शिक्षणमंत्र्यांनी शिक्षक-भरतीविषयी जी आचारसंहिता स्वीकारली, तीत शिक्षकाचा स्थलांतराचा हक्क आणि मूळ देशाच्या शाळांचे संरक्षण ही दोन्ही उद्दिष्टे एकत्र मांडली आहेत. ती बंधनकारक नाही. पण मान्यतेचा प्रश्न केवळ व्यक्तीचा नाही, हे तिने मान्य केले.

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, समकक्षतेच्या शोधाने हा प्रश्न सुटत नाही, कारण दोन देशांच्या शाळा कधीच एकसारख्या नसतात. तुलनेच्या तत्त्वाने तो सुटू लागतो. परंतु तुलना करावयाची तर दोन्ही बाजूंस स्पष्ट नोंदी असाव्या लागतात. यजमान देशाने भेद नेमका दाखवावा व तो भरून काढण्याचा वाजवी मार्ग ठेवावा, हे त्याचे कर्तव्य. आपण शिक्षकास कोणते ज्ञान, किती प्रशिक्षण आणि कोणता अधिकार दिला हे एका विश्वसनीय लेखात सांगता यावे, हे मूळ देशाचे कर्तव्य. यांपैकी पहिल्या कर्तव्याची चर्चा पुष्कळ होते. दुसरे मात्र अध्यापक-शिक्षण देणारी विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या स्वतःच्या हाती आहे, आणि अभ्यासक्रमांच्या जुन्या प्रती जतन करून ठेवण्यापासून त्याचा प्रारंभ करता येण्याजोगा आहे.