माझगांवच्या गोदींतील पाणबुड्या

मुंबईच्या माझगांव भागांतून जाणाऱ्या मनुष्यास उंच भिंतींपलीकडे याऱ्यांचे शेंडे दिसतात. भिंतीआड काय घडत असतें हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असतें. पाणबुडी बांधण्याची विद्या साधलेल्या गोद्या जगांत थोड्याच आहेत, आणि ही त्यांपैकीं एक. या ठिकाणीं पहिली गोदी १७७४ सालीं बांधली गेली. माझगांव डॉक ही कंपनी १९३४ मध्यें स्थापन झाली व १९६० मध्यें भारत सरकारनें ती आपल्या ताब्यांत घेतली.

जहाज बांधणाऱ्या प्रत्येक गोदीला पाणबुडी कां बांधतां येत नाहीं, हें समजण्यासाठीं पाण्याचा दाब ध्यानांत घेतला पाहिजे. समुद्रांत दर १० मीटर खोलीस हा दाब एका वातावरणाइतका वाढत जातो. ३०० मीटर खालीं कवचाच्या दर चौरस मीटरवर सुमारें ३०० टन भार पडतो. म्हणजे घरांतील लहानशा पोळपाटाएवढ्या जागेवर जवळजवळ १५ टनांचें ओझें!

म्हणून माणसें व यंत्रें ज्यांत राहतात, तें आंतील पोलादी कवच नळकांड्याच्या आकाराचें करतात. वर्तुळावर चोहोंकडून येणारा भार सारखा वांटला जातो. परंतु हें वर्तुळ खरेंखुरें वर्तुळच असावें लागतें. एखाद्या ठिकाणीं तें किंचित् चेपलेलें असेल, तर भार तेथें एकवटतो व कवच तेथूनच दबूं लागतें. अडचण अशी कीं, वेल्डिंगनें पत्रे सांधतांना पोलाद उष्णतेनें प्रसरण पावतें, निवतांना आकसतें आणि आकार ओढून बिघडवूं पाहतें. यास्तव कोणता सांधा आधीं घ्यावा, कोणता मागाहून, पत्रा किती तापवून ठेवावा, यांचा क्रम काटेकोरपणें ठरलेला असतो. सांध्यांची तपासणी क्ष-किरणांनीं होते. दोष आढळला तर तो भाग कोरून काढून पुन्हां भरावा लागतो. या विद्येचा कांहीं अंश पुस्तकांत सांपडतो. उरलेला कारागिराच्या मनगटांत वसतो.

ही विद्या मुंबईस आली ती जर्मनींतून. ११ डिसेंबर १९८१ रोजीं भारत सरकारनें कील येथील एच्. डी. डब्ल्यू. या कंपनीशीं करार केला. चार पाणबुड्यांपैकीं दोन कील येथें व दोन माझगांवास बांधावयाच्या होत्या. येथील माणसें जर्मनींत जाऊन काम शिकून आलीं. कील येथें बांधलेल्या 'शिशुमार' व 'शंकुश' १९८६ मध्यें नौदलांत दाखल झाल्या. माझगांवची 'शल्की' ७ फेब्रुवारी १९९२ रोजीं आणि 'शंकुल' १९९४ मध्यें त्यांना येऊन मिळाली. भारतीय हातांनीं पाणबुडी बांधून दाखविली होती.

परंतु येथेंच खंड पडला. याच नमुन्याच्या आणखी दोन पाणबुड्या बांधण्याचा विचार होता. व्यवहारांत दलाली दिली गेल्याचे आरोप झाले आणि तो बेत सोडून देण्यांत आला. आरोपांची चौकशी व्हावयास हवी होती, यांत संशय नाहीं. पण तिच्याबरोबर गोदींतील कामही थांबलें. शिकून तयार झालेले हात दुसऱ्या कामांकडे वळले, कोणी निवृत्त झाले. गवयाचा गळा रियाजावांचून बसतो, तशीच ही विद्याही.

२००५ मध्यें फ्रान्समधील डी. सी. एन. कंपनीशीं सहा 'स्कॉर्पिन' पाणबुड्यांचा करार झाला व डिसेंबर २००६ मध्यें पहिला पत्रा कापला गेला. 'शंकुल' पुरी झाल्यास तेव्हां बारा वर्षें होऊन गेलीं होतीं. पुष्कळसें शिक्षण पुन्हां पहिल्यापासून घ्यावें लागलें. पहिली पाणबुडी 'कलवरी' २०१२ मध्यें मिळावयाची, ती १४ डिसेंबर २०१७ रोजीं नौदलांत आली. सामग्रीची खरेदी लांबणें हेंही या उशिराचें एक कारण होतें. तथापि मोडलेल्या परंपरेची किंमत त्यांत होतीच. पुढें मात्र हात बसला. २०१९ मध्यें 'खांदेरी' आली. अलिबागजवळील ज्या बेटावर शिवाजीमहाराजांनीं १६७९ मध्यें दुर्ग उभारला, त्याचें हें नांव. २०२१ मध्यें 'करंज' व 'वेला', २०२३ मध्यें 'वागीर' आणि जानेवारी २०२५ मध्यें 'वागशीर' दाखल झाली.

एका गोदीच्या पाठीमागें इतर अनेक कारखाने उभे असतात. खोल पाण्यांत डिझेल इंजिनास हवा मिळत नाहीं, तेव्हां पाणबुडी विद्युत्घटांवर चालते. असे अजस्र घट एक्साइड कंपनी आपल्या देशांत बनविते. 'अरिहंत' या अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीचें कवच लार्सन अँड टूब्रो कंपनीनें सुरतेजवळ हजिरा येथें तयार केलें. गोदींतील काम थांबलें, कीं अशा कारखान्यांचीही साखळी सैल पडते.

नकाशे विकत मिळतात, यंत्रें विकत मिळतात. निष्णात हात मात्र सतत कामांत ठेवूनच जतन करावे लागतात. 'वागशीर' नौदलाच्या स्वाधीन झाली, तेव्हां १९९४ चाच प्रश्न गोदीपुढें पुन्हां उभा राहिला: ही पाणबुडी झाली, आतां पुढची केव्हां?