चाकं थांबली, काजळी उतरली

मार्च २०२० मध्ये सिडकोला पन्नास वर्षं पूर्ण झाली, आणि त्याच महिन्यात तिनं वसवलेलं नवी मुंबई शहर ठप्प झालं. २२ तारखेला जनता कर्फ्यू, पाठोपाठ लोकल बंद, २५ पासून देशभर टाळेबंदी. एरवी ट्रेलर आणि कंटेनरच्या रांगांनी गच्च असणारा सायन-पनवेल महामार्ग भरदिवसा ओस पडला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कित्येक कारखाने थांबले.

हवेतून सर्वांत आधी उतरली ती काजळी. डिझेल, कोळसा, लाकूड किंवा कचरा अर्धवट जळला की कार्बनचे अतिसूक्ष्म कण सुटतात. ते थेट फुप्फुसात शिरतात आणि सूर्याची उष्णता शोषून हवाही तापवतात. मात्र त्यांचा हवेतला मुक्काम फार तर आठवडा-दोन आठवड्यांचा. त्यामुळे धूर थांबला की फरक लगेच दिसतो. एप्रिलमध्ये जालंधरच्या गच्चीवरून धौलाधारच्या रांगा दिसू लागल्या, आणि उत्तर भारतावरच्या हवेतले कण वीस वर्षांच्या नीचांकावर गेल्याचं नासाच्या उपग्रहांनी नोंदवलं.

कार्बन डायऑक्साइडची गोष्ट वेगळी. २०२० मध्ये त्याचं जागतिक उत्सर्जन पाच टक्क्यांहून थोडं अधिक घटलं, तरी त्या मे महिन्यात हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेनं तोवरचा उच्चांक मोजला. शतकानुशतकं साठत आलेला वायू दोन महिन्यांच्या सुट्टीला दाद देत नाही.

नवी मुंबई पूर्ण थांबली होती, असंही नाही. जेएनपीटी बंदर अत्यावश्यक सेवा म्हणून चालू होतं. वाशीची एपीएमसी बाजारपेठ ऐन हापूसच्या हंगामात कधी बंद, कधी चालू अशी हेलकावे खात राहिली. त्यातच १ एप्रिलपासून बीएस-६ इंधन देशभर लागू झालं. डिझेलमधलं गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आलं, धुराड्यातच काजळी अडवणाऱ्या गाळण्यांची वाट मोकळी झाली, आणि हे सगळं पंपांवर चिटपाखरू नसताना!

स्वच्छ हवेचं सगळं श्रेय टाळेबंदीला देण्याचा मोह मात्र आवरायला हवा. मार्चनंतर समुद्री वारे जोर धरतात आणि ठाणे खाडीलगतची हवा दरवर्षीच थोडी मोकळी होते. सीवूड्सजवळच्या तलावे पाणथळीतल्या फ्लेमिंगोंबाबत असाच घोळ झाला. त्या एप्रिलमधली गुलाबी छायाचित्रं जगभर फिरली, ‘माणूस घरात बसला म्हणून पक्षी आले’ असं जो तो म्हणू लागला. पक्षी दरवर्षीच येतात. त्या वर्षीच्या वाढीमागे आधीच्या यशस्वी विणीचा मोठा वाटा असल्याचं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तेव्हाच सांगितलं होतं. ते ऐकायला कुणाला सवड नव्हती.

खरी परीक्षा हिवाळ्यात असते. वारा पडतो, थंड हवा जमिनीलगत साचते, त्यात रखवालदारांच्या शेकोट्या, जाळलेला कचरा आणि रात्रीचे ट्रक. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबई परिसराची हवा काही दिवस दिल्लीहून वाईट ठरली. २०२३ च्या दिवाळीआधी मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेत फटाक्यांना वेळेची मर्यादा घातली. दरम्यान उलव्याची टेकडी छाटून, धूळ उडवत विमानतळ उभा राहत होता.

टाळेबंदी हे काही धोरण नव्हतं, त्यामुळे ती उठताच धूर परतला यात नवल नाही. नवल याचं की, त्यातला किती ट्रकचा, किती कारखान्यांचा आणि किती कचऱ्याचा हे नागरिकाला आजही कळत नाही. देशाच्या हवा निर्देशांकात आठ प्रदूषकं आहेत, पण काजळीला स्वतंत्र रकाना नाही. टेकडीची धूळ आणि ट्रेलरचा धूर एकाच ‘पीएम २.५’मध्ये जमा होतात. जेएनपीटीच्या रस्त्यावर, कळंबोलीत आणि तळोज्यात काजळी वेगळी मोजून तिचे आकडे रोज जाहीर करावेत, एवढी मागणी नवी मुंबईकरांनी महापालिकांकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायला हवी.