कुष्ठरोगाचे संशोधन आणि स्वयंसेवकाची संमती

नॉर्वेतील बर्गन शहरी १८७३ साली गेर्हार्ड आर्मावर हान्सेन यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीत दंडाकार जंतू पाहिले, तेव्हा हा रोग पिढीजात वारसा आहे या समजुतीस जबर धक्का बसला. परंतु जंतू दिसणे निराळे आणि तोच रोगाचे कारण आहे हे शाबीत करणे निराळे. हा जंतू प्रयोगशाळेतील कोणत्याही कृत्रिम पोषकद्रव्यावर वाढत नाही, आजही वाढत नाही, आणि सजीव देहातसुद्धा एकाचे दोन होण्यास त्याला सुमारे १२ ते १४ दिवस लागतात. १९६० साली उंदराच्या पावलात आणि १९७१ साली आर्माडिलो या कवचधारी प्राण्यात तो वाढविता आला, तोपर्यंत या रोगाच्या अभ्यासकाला मनुष्यदेहाखेरीज दुसरे क्षेत्रच उपलब्ध नव्हते.

हान्सेन यांचे श्वशुर व वरिष्ठ डानिएल्सेन यांनी रुग्णाच्या गाठीतील द्रव्य स्वतःच्या अंगात टोचून घेतले होते, आणि त्यांना रोग झाला नव्हता. हान्सेन यांनी मात्र १८७९ च्या नोव्हेंबरात, दुसऱ्या प्रकारचा कुष्ठ असलेल्या एका स्त्रीच्या डोळ्यात, तिला न विचारता, गाठीतले द्रव्य टोचले. प्रकरण न्यायालयात गेले आणि १८८० साली त्यांना रुग्णालयातील पदास मुकावे लागले. या प्रयोगाकडे ती आपल्या दृष्टीने पाहणार नाही असे गृहीत धरून आपण तिची परवानगी मागितली नाही, अशी कबुली त्यांनी दिली. नकार येईल हे जाणूनच प्रश्न टाळला गेला, हे या कैफियतीतून स्वच्छ दिसते. आणि हान्सेन यांच्या शोधाविषयी मनात कितीही आदर असला तरी त्या न्यायालयाचा निवाडा मला सर्वथा योग्य वाटतो, कारण ज्या देहावर प्रयोग करावयाचा त्या देहाची मुखत्यारी वैद्याकडे कोणीही सोपविलेली नव्हती.

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, मिसिसिपीच्या काठी, कार्व्हिल येथे जे राष्ट्रीय कुष्ठरुग्णालय होते, तेथील रहिवासी काटेरी तारांच्या आत राहत, कुटुंबावर कलंक येऊ नये म्हणून कित्येकजण नवे नाव धारण करीत, आणि मतदानाचा हक्कही त्यांना दीर्घकाळ नव्हता. चौलमुग्रा तेलाची वेदनादायक टोचणी हाच तोवर त्यांचा उपचार होता. १९४१ साली डॉ. गाय फॅगेट यांनी प्रोमिन हे सल्फोन वर्गातील औषध शिरेतून देण्याची तजवीज केली, तेव्हा या नव्या द्रव्याने काय होईल याची हमी कोणीच देऊ शकत नसताना काही मोजके रुग्ण स्वेच्छेने पुढे आले. महिनोन्महिने टोचून घेतल्यावर वर्षानुवर्षांचे व्रण सुकू लागले, आणि १९४३ साली फॅगेट यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. आजही बहुविध औषधोपचारात वापरले जाणारे डॅप्सोन त्याच सल्फोन कुलातले. तारांच्या आतली संमती पूर्णतः मुक्त म्हणता येईल काय, ही शंका रास्त आहे. त्याच देशात फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ पासून १९७४ पर्यंत कैद्यांच्या त्वचेवर मोबदला देऊन जे प्रयोग झाले, त्यांनी ती शंका खरी ठरविली. परंतु कार्व्हिलच्या रुग्णांना स्वतःच्याच व्याधीवरील उपाय हवा होता, हा भेद मला दुर्लक्षिण्याजोगा वाटत नाही.

महाराष्ट्राला या संदर्भात बाबा आमट्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९४९ च्या सुमारास कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिक्षण घेत असता त्यांनी जंतूच्या प्रयोगासाठी आपला देह देऊ केला. जंतू टोचले गेले, पण रोग जडला नाही. बहुसंख्य माणसांना या जंतूविरुद्ध निसर्गतःच प्रतिकारशक्ती असते, हे आज आपण जाणतो. त्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. तरीही एका देहावरील निष्फळ प्रयोगातून विज्ञानाला निर्णय मिळत नाही, त्यासाठी संख्या लागते.

ती संख्या दक्षिण भारतातील खेडुतांनी पुरविली. चेंगलपट्टूच्या परिसरात १९९० नंतर कुष्ठप्रतिबंधक लसींची जी तौलनिक चाचणी झाली, तीत सुमारे १ लाख ७१ हजार लोक स्वेच्छेने सामील झाले. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत सिद्ध झालेली आयसीआरसी लस त्यांपैकी एक होती. कोणाला कोणती लस मिळाली हे टोचणाऱ्यासही ठाऊक नव्हते, आणि काहींच्या वाट्याला केवळ मिठाचे पाणी आले. कारण निरुपद्रवी द्रव घेतलेल्यांशी तुलना केल्यावाचून लसीचा गुण आणि योगायोग वेगळे काढता येत नाहीत. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आयसीआरसी लसीचे संरक्षण ६५.५ टक्के, तर एकट्या बीसीजीचे ३४.१ टक्के आढळले. पाणी टोचून घेतलेल्या माणसाला स्वतःसाठी काहीच लाभले नाही, आणि तरीही त्याच्यावाचून हे आकडे निघालेच नसते. या अनामिकांचे ऋण मला कोणाही शास्त्रज्ञाच्या ऋणाहून कमी वाटत नाही.

हल्ली आपल्या देशात २०१९ चे नवीन औषधे व नैदानिक चाचणी नियम लागू आहेत. सहभागी होणाऱ्यास त्याच्या भाषेत माहिती देणे, नैतिकता समितीची मान्यता घेणे, चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई देणे बंधनकारक आहे. नव्या औषधद्रव्याच्या चाचणीत दुर्बल स्थितीतील व्यक्तींची संमती घेताना ध्वनी व चित्र दोन्ही मुद्रित करावे लागतात. परंतु एचआयव्ही आणि कुष्ठरोग या दोहोंपुरते केवळ ध्वनिमुद्रण पुरेसे मानले आहे, म्हणजे रुग्णाचा होकार दप्तरी राहतो, चेहरा राहत नाही. इसब, सोरायसिस किंवा कोड यांवरील चाचणीसाठी कोणी आपणास विचारले, तर सरकारी नोंदवहीतील तिचा क्रमांक आणि समितीचा पत्ता विचारावा, कागद घरी नेऊन वडीलधाऱ्यांना दाखवावा, आणि सही केल्यावर त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. चाचणीतून कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते, आणि त्यापायी नेहमीचा उपचार कोणालाही नाकारता येत नाही.